कधीही न अडकणारं दार

मीटिंगमध्ये पेनाचं टोपण उघडू नये, हे मला नोकरी लागली त्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं. बाकीचे सगळे हाताची घडी घालून बसले होते. मी मात्र घरी जाताना न्यायच्या सामानाची यादी करत होतो. मोठे साहेब, म्हणजे आमच्या वॉशिंग मशीनच्या कंपनीचे मालक, बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "एवढा एकच माणूस लिहून घेतोय. हाच लिहील."

काय लिहायचं, ते मी मागाहून शेजारच्याला विचारलं. झालं होतं असं, की साहेबांच्या सासूबाईंनी नाव न सांगता कंपनीत फोन केला होता. मशीन फार आवाज करतंय, काय करू? जाहिरात खात्याने सांगितलं, आमचं मशीन आवाज करतच नाही. विक्री खात्याने सांगितलं, आवाज येतोय म्हणजे कपडे नीट धुतले जाताहेत. तक्रार खात्याने सांगितलं, या वयात ऐकू येतंय हे काय कमी आहे? सासूबाईंनी तिन्ही उत्तरं लिहून काढली आणि जेवणाच्या टेबलावर जावयाला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी साहेबांना साक्षात्कार झाला. कंपनीने सगळीकडे एकच बोलायचं, एकाच सुरात बोलायचं आणि काय बोलायचं त्याचं एक पुस्तक करायचं. त्याला म्हणायचं ब्रँड गाइड.

मी आवक-जावक विभागातला कारकून. माझं आजवरचं सगळं लेखन 'पत्र मिळाले' आणि 'पत्र रवाना केले' या दोन वाक्यांत आटोपतं. पण साहेब म्हणाले, गाइड पसंत पडलं तर 'संदेशप्रमुख' हे पद आणि स्वतंत्र केबिन. (माझं टेबल पाण्याच्या कूलरला लागून आहे. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण माझ्या फायलींवर कोपर टेकून घरच्या अडचणी सांगतो.) केबिन म्हटल्यावर मी पार विरघळलो.

दोन महिने मी झपाटल्यासारखा लिहीत होतो. 'बिघाड' या शब्दावर बंदी घातली. मशीन बंद पडत नाही, ते 'विश्रांती घेतं'. पाणी गळत नाही, 'अतिरिक्त ओलावा जाणवतो'. ग्राहकाला नाही म्हणायचं असेल तर 'आपली अपेक्षा आम्हाला प्रेरणा देते' असं म्हणायचं. कंपनीच्या वकीलबाईंनी पान न् पान तपासलं. 'माफ करा' आणि 'चुकलं' हे शब्द त्यांनी काढूनच टाकले. माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय मशीनच्या माहितीपुस्तकातलं एक पानही त्यांनी रद्द करायला लावलं. दार अडकल्यास खालच्या झाकणामागची लाल पट्टी ओढावी, असं त्या पानावर होतं. आमची जाहिरात तर 'कधीही न अडकणारं दार' अशी. मग पट्टी कशाला दिलीय, असं कोणीही विचारेल. म्हणून पान गेलं आणि पट्टी मशीनमध्ये तशीच राहिली. मला हे फारच हुशारीचं वाटलं होतं.

घरातही मी गाइडच बोलू लागलो. एकदा बायकोने विचारलं, "अहो, जेवण खारट झालंय का?" मी म्हणालो, "तुझं मीठ पुढाकार घेतंय." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (गाइडच्या भाषेत, तिने संवादाला विश्रांती दिली.)

मग परीक्षेचा दिवस आला. मी हेल्पलाइनवर बसून ग्राहकाचा खराखुरा फोन घ्यायचा आणि साहेबांनी तो स्पीकरवर ऐकायचा, असं ठरलं होतं. नेमकी त्याच दिवशी बारा वाजता बायकोची मुलाखत होती. ती सोळा वर्षं शाळेत शिकवतेय. मुख्याध्यापिकेची जागा दोनदा तिच्या हातातून निसटली होती. आता तिसरी आणि शेवटची संधी, कारण पुढच्या खेपेला वय आडवं येणार होतं. महिनाभर ती आरशासमोर उभी राहून उत्तरं म्हणत होती.

सकाळी ती अंघोळीला गेली आणि मला मदत करायची दुर्बुद्धी झाली. तिच्या मुलाखतीच्या निळ्या ड्रेसच्या बाहीवर चहाचा डाग होता. (चहा माझाच.) म्हटलं, घरच्या मशीनमध्ये (आमच्याच कंपनीच्या) पटकन धुऊन टाकू. आणि मशीन लावायचंच आहे तर एकटा ड्रेस कशाला? गाइडच्या नवव्या पानावर मीच लिहिलं होतं, 'एका फेरीत सगळं घर!' लिहिताना त्याला काही आधार नव्हता, पण दोन महिने वाचून वाचून माझाच त्यावर विश्वास बसला होता. कपाटातले तिचे झाडून सगळे कपडे, दोन पडदे आणि सोफ्याचं कव्हर मी आत कोंबलं. गुडघ्याने दार लावलं, 'धुवा-वाळवा-झटपट' हे बटण दाबलं आणि शीळ घालत ऑफिसला गेलो.

माझा मोबाइल परीक्षेपुरता बंद करून ठेवला होता. अकरा वाजता हेल्पलाइनचा फोन वाजला. समोर साहेब, बाजूला वकीलबाई. मी घसा खाकरला.

"नमस्कार, आपल्या स्वच्छतेचा सोबती बोलतोय. गुणवत्तेसाठी हा संवाद रेकॉर्ड होत आहे."

"मशीन मध्येच बंद पडलंय. दार उघडत नाही. माझे सगळे कपडे आत आहेत आणि बारा वाजता माझी मुलाखत आहे."

आवाज माझ्या बायकोचा होता. साहेब पेन घेऊन सरसावून बसले होते.

"आपलं मशीन विश्रांती घेत आहे," मी म्हणालो.

"घेऊ दे. दार कसं उघडायचं, तेवढं सांगा."

पान चौदा. "आमचं दार कधीही अडकत नाही."

"अडकलंय म्हणून तर फोन केलाय ना. मी त्याच्यासमोर फतकल मारून बसलेय."

"आपली अपेक्षा आम्हाला प्रेरणा देते."

साहेबांनी खुशीत मान डोलावली.

"अहो, तुम्हीच बोलताय ना?"

पान बावीस, खासगी माहिती देऊ नये. "मी आपला सोबती बोलतोय."

"सोबती कसले! पडदे दिसताहेत मला काचेतून. हे सगळं तुम्हीच कोंबलंय ना?"

वकीलबाईंनी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. 'काहीही कबूल करू नका.' मी "ग्राहकाने क्षमतेपेक्षा जास्त कपडे" इथपर्यंत आलो आणि तिथेच अडकलो.

"हे बघा," ती अगदी हळू बोलली, "मला भांडायचं नाहीये. अकरा वाजून गेलेत, मी घरातल्या गाऊनवर आहे. ही तिसरी वेळ आहे माझी, तुम्हाला माहीत आहे. उघडता येत असेल तर सांगा. नाहीतर ठेवते फोन."

मला इतकी लाज वाटली, की समोरचे साहेब दिसेनासे झाले.

"अगं, ठेवू नकोस, ऐक. आधी प्लग काढ. खाली उजवीकडे चौकोनी झाकण आहे, ते नाण्याने उघड. आत लाल पट्टी आहे, ती जोरात खाली ओढ. पाणी येईल, टॉवेल टाकून ठेव. दार अडकतं आपलं. सगळ्यांचंच अडकतं. आणि कपडे मीच कोंबले. माझं चुकलं, माफ कर मला."

स्पीकरमधून आधी खट्, मग पाणी वाहत आल्याचा आवाज आला. "उघडलं," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

वकीलबाई डोळे मिटून बसल्या होत्या. साहेबांनी गाइड उचललं, मिटलं आणि म्हणाले, "पुस्तक उत्तम आहे. एक अक्षरही बदलू नका. फक्त या माणसाला फोनच्या आसपास फिरकू देऊ नका." केबिन वकीलबाईंना मिळाली. मी मुकाट्याने कूलरपाशी परत आलो.

संध्याकाळी घरी गेलो तर खुर्च्यांवर पडदे वाळत होते. बायको निळ्या ड्रेसमध्येच बसली होती. इस्त्री फिरवून फिरवून तो कसाबसा वाळवून ती वेळेवर पोहोचली होती.

"मिळाली जागा," ती म्हणाली. "अडचण आली की काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खालचं झाकण उघडून बघते."

मला खरंच भरून आलं. मग (थोडंसं कौतुक व्हावं म्हणून) मी माझी केबिन गेल्याचं सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला.

"ते सकाळी शेवटी काय म्हणालात, ते पुन्हा एकदा म्हणा ना."

"लाल पट्टी खाली ओढ?"

"त्याच्यानंतरचं."

मी पडदा वाळला का ते चाचपून पाहिलं. "एकदा म्हणून झालंय ना ते."

"रेकॉर्ड होत होतं ना?"

"होत होतं."

तिने लगेच हेल्पलाइनचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने गाइडमधलं वाक्य न अडखळता म्हटलं, "आपली विनंती आमच्यासाठी मोलाची आहे. रेकॉर्डिंग मिळायला पंधरा दिवस लागतील. आपण वाट पाहू शकाल का?"

बायकोने माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं.

"लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं वाट पाहतेय," ती म्हणाली. "पंधरा दिवसांचं काय घेऊन बसलात?"