रज्जाकमामू आणि माझं धुराडं

रज्जाकमामू माझ्या दारात आले की आधी धुराड्याची तब्येत विचारतात, मग माझी. "काय बाई, धुराडं कसं हाय? खोकत न्हाई ना?" मी म्हणते, "धुराडं ठणठणीत हाय मामू, मलाच दोन दिस झाले ताप हाय." त्यावर ते म्हणतात, "असं व्हय. गोळी घ्या." आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कान लावून उभे राहतात. मी काही बोलायला गेले की हात वर करून मलाच गप्प बसवतात. "जरा दम धरा. घर बोलायलंय."

माझ्या घरात मलाच गप्प बसवणारा हा एकच माणूस. माझा नवरा हयात असतानासुद्धा त्याची ही टाप नव्हती.

मी घाटनांदूरला खानावळ चालवते. घर जुनं, दगडमातीचं, वर मातीचं माळवद. चुलीवरची ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि जी भाजी बाजारात दिसेल ती. बँकेतली माणसं, शाळेतले गुरुजी, ड्रायव्हर-कंडक्टर, दुपारी चाळीसेक पानं उठतात. माझी लेक लातूरला नर्सिंग शिकते, ती ह्या चुलीच्या जिवावर. म्हणून मामू माझ्याआधी धुराड्याला विचारतात त्याचा मला राग येतो, पण फार वेळ टिकत नाही.

मामू गवंडी आहेत. पण कुठले, तर फक्त जुन्या घरांचे. फुगलेली दगडी भिंत उतरवून पुन्हा रचायची, ढासळलेला कोपरा बांधायचा, आणि मुख्य म्हणजे धुराडी. जुन्या घरात चुलीच्या मागच्या भिंतीच्या पोटातून खापराचे नळ वर गेलेले असतात, एकात एक बसवलेले. धूर त्यातून माळवदाच्या वर जातो. हे नळ तडकले की धूर भिंतीत शिरतो, भिंत काळी पडते, माती सुटते आणि बाईच्या डोळ्यांची वाट लागते. ते नळ बदलणारा आमच्या पंचक्रोशीत मामूंशिवाय कुणी उरला नाही. नवं बांधकाम ते घेतच नाहीत. कुणी स्लॅबच्या घराचं विचारलं तर म्हणतात, "त्याला गवंडी कशाला? त्याला ट्रक लागतो."

सत्तरीचे असतील. काटकुळे, डोक्याला जाळीची टोपी, नखं चुन्यानं पांढरी. भिंतींना कान लावून लावून उजवा कान मात्र कायम काळा. त्यांची बायको जैनबबी होती तेव्हा शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी तो कान ती स्वतः घासून द्यायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची.

रस्त्यानं चालताना मामू खाली बघत नाहीत. नजर सगळी माळवदांवर, कुणाचं धुराडं कसा धूर सोडतंय त्याच्यावर. त्यापायी दोनदा गटारीत पाय गेला आणि एकदा बाजाराच्या दिवशी उभ्या म्हशीवर जाऊन आदळले. म्हशीचा मालक शिव्या द्यायला लागला, तर हे त्यालाच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, ते बघा, त्या घराचा धूर उलटा फिरायलाय. कुणाचं घर हाय बे ते?" मालकही शिव्या सोडून वर बघायला लागला.

एकदा शेजारच्या गुरुजींच्या दारात थांबले आणि भर रस्त्यातून विचारलं, "गुरुजी, घरात भांडण झालंय का?" गुरुजी गोरेमोरे. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मामू म्हणाले, "धूर लई फुसफुसायलाय. बाईंनी ओलं जळण रागारागानं कोंबलंय." भांडण खरंच झालं होतं. आता गुरुजींची बायको भांडण झालं की वाळलेलंच सरपण घालते.

कामाला बसायच्या आधी मामू एक अख्खा दिवस नुसतं बघतात. चूल पेटवायला लावायची आणि पेटलेली उदबत्ती हातात धरून भिंतीवरून हळूहळू फिरवायची. जिथं उदबत्तीचा धूर वाकून भिंतीत ओढला जातो, तिथं आत फट. तिथं खडूनं फुली मारायची. माझ्याकडं हे पहिल्यांदा चाललं होतं तेव्हा बँकेतले नवे साहेब जेवायला आलेले. टोपी घातलेला म्हातारा चुलीवरच्या भिंतीला उदबत्ती ओवाळतोय म्हणल्यावर साहेबांनी ताट बाजूला सारलं, उठले आणि हात जोडून उभे राहिले. मामूंनी वळून बघितलं आणि म्हणाले, "बसा साहेब, देव न्हाई, भोक शोधायलोय."

एका पुढाऱ्याची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. हा पुढारी कुठंतरी थंड हवेच्या गावाला जाऊन आला आणि तिथल्यासारखी शेकोटीची भिंत स्वतःच्या शेतातल्या बंगल्याच्या हॉलमध्ये पाहिजे म्हणून हटून बसला. आमच्याकडं उन्हाळ्यात पाखरं झाडावरून खाली पडतात, आणि ह्याला घरात शेकोटी पाहिजे! मामूंना गाडी पाठवून नेलं. मामूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, हितं शिजवायचं काय?" साहेब म्हणाले, "काहीच नाही. नुसतं बसायचं." मामूंना ते पटेना. जाळ करायचा आणि वर काही ठेवायचं नाही, हे त्यांच्या बुद्धीला पाप वाटलं. त्यांनी शेकोटी बांधून दिली, पण आतल्या बाजूला न सांगता दोन दगडी कट्टे काढून ठेवले. पुढाऱ्याच्या आईनं ते बरोबर ओळखलं. आता हॉलमध्ये सोफ्यासमोर म्हातारी वांगी भाजते आणि हुरड्याच्या दिवसात तर पुढाऱ्याला बसायलासुद्धा जागा नसते.

असा हा माणूस. आणि अशा माणसाचा मी एकदा घोर अपमान केला.

गेल्या हिवाळ्यात माझं धुराडं मागं धूर टाकायला लागलं. जेवणारे डोळे पुसत जेवायचे. मामूंनी उदबत्ती फिरवली तर फुल्यांनी भिंत भरून गेली. म्हणाले, "बाई, नऊच्या नऊ नळ गेलेत. आता नवे कुणी करत न्हाई. कुंभारानं चाक सोडून टेम्पो घेतलाय. शोधावं लागतंय. उदगीरला भाचीची शादी हाय, ती करून येतो, तोवर दम धरा."

मला दम धरवला नाही. परसात बोअरचा निळा केसिंग पाईप पडलेला होता. बोअर फेल गेला, पाणी लागलं नाही, पाईप तेवढा उरला. आमच्या भागात बहुतेक परसात असा एखादा पडलेलाच असतो. मी म्हणलं, गोल आहे, लांब आहे, जाडही आहे, ह्यात आणि नळात फरक तो काय? नळजोडणीवाल्याला बोलावलं आणि वरून पाईप घालून घेतला. पहिल्या दिवशी धूर असा सरळ गेला की मी स्वतःच्याच डोक्यावर खूश. दुसऱ्या दिवशी कसलातरी वास. तिसऱ्या दिवशी भर जेवणाच्या वेळेला पाईप आतल्या आत वितळून बसला आणि असला काळा, घाण धूर बाहेर आला की सगळे ताट सोडून रस्त्यावर. कंडक्टर तर हातात भाकरी घेऊन पळाला.

वास भिंतीत बसला, पिठाला लागला. चाळीस पानं दोनवर आली. सगळे म्हणाले, गॅस घे. घेतला. गॅसवर भाकऱ्या केल्या. कंडक्टरनं एक खाल्ली आणि फार गोड बोलला, "बाई, भाकरी चांगली आहे. पण तुमची नाही." दुसऱ्या दिवशी तो स्टेशनकडच्या खानावळीत दिसला. लेकीला फोनवर म्हणलं, सगळं बरं आहे, आणि फोन ठेवून पदरानं तोंड दाबून रडले.

मामू परत आले. काय झालं ते गावानं त्यांना स्टँडवरच सांगितलं होतं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चुलीसमोर उकिडवे बसले आणि तिच्याशीच बोलायला लागले, "काय गं, तुला प्लास्टिक चारलं व्हय? कावून खाल्लंस? थुंकून टाकायचं न्हाई?" मी म्हणलं, "मामू, चुकलं." ते चुलीला म्हणाले, "चुकलं म्हणायलेत. आता म्हणायलेत." तीन दिवस हेच. मला काही सांगायचं असलं तरी चुलीला सांगायचे. "त्यांना म्हणावं चुन्यात गुळाचं पाणी कमी झालं. त्यांना म्हणावं वाळू चाळून द्या." मी निमूट चुना कालवत होते, पाट्या उचलत होते. माझ्याच घरात मी बिगारी.

भिंत खालपासून वरपर्यंत उघडली. वितळलेलं प्लास्टिक त्यांनी छिन्नीनं बोटबोट उकरून काढलं. दगड उतरवले, धुतले, चुन्यात पुन्हा बसवत आणले. पण नळ नव्हते. नांदूरघाटला जाऊन आले, पार शिरूर कासारपर्यंत गेलते. पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात हात घातले. जे सापडले ते तडकलेले. एके ठिकाणी तर नळात मोगरा लावलेला. चौथ्या दिवशी मामू माझ्याशी बोलले, तेव्हा मला कळलं की गोष्ट हाताबाहेर गेली. "बाई," ते म्हणाले, "न्हाई मिळालं काई."

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडा घेऊन दारात उभे. गाड्यावर नऊ नळ, एकेक जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. एकाला टवका नाही. मी आनंदानं ओरडलेच. "मामू! कुठं मिळाले?"

"मिळाले."

"अहो पण कुणाकडं?"

"हायेत एका घरातले. त्या घराला आता लागत न्हाईत. तुमाला नळ पायजेत का चौकशी पायजे?"

दोन दिवसांत धुराडं उभं राहिलं. चूल पेटवली. उदबत्तीचा धूर कुठंच वाकला नाही, सरळ वर गेला. मी पहिली भाकरी टाकली, ती टम्म फुगली आणि मला पुन्हा रडू आलं. मामू माळवदावर होते. खाली या, पहिली भाकरी तुमचीच, म्हणून किती हाका मारल्या, तरी आले नाहीत. वर जाऊन बघितलं तर धुराड्याला तळहात लावून उभे. "तापायलंय," एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात माणसं परत आली. कंडक्टरही आला, जरा लाजत. पण मामू येईनात. चार दिवस झाले, पाच झाले. सहाव्या दिवशी दुपारची पानं उठल्यावर मी डबा भरला आणि मशिदीमागच्या गल्लीत त्यांच्या घरी गेले. जैनबबी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून मी त्या घरात पाय ठेवला नव्हता. पोरं हैदराबादला. दार उघडंच होतं. मामू अंगणात तीन विटांवर पातेलं ठेवून चहासाठी फुंकर मारत होते, डोळे धुरानं लाल.

मी म्हणलं, "आत चूल असताना हितं काय करायलाव?" आणि आत गेले.

जैनबबीची चूल जागेवर होती, सारवलेली. तिच्यामागची भिंत खालून वरपर्यंत उघडी. नळांची जागा रिकामी, आणि वरून ऊन सरळ चुलीत पडलेलं.

मी बाहेर आले आणि आधी भांडलेच. "मामू, हे काय करून बसलाव? मी मागितलं होतं का? माझी खानावळ बुडाली असती तर बुडाली असती!"

"वरडू नका बाई. च्या घ्या." त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला. मग विस्तवात एक काटकी सारली. "ती गेल्यावर दोन-तीन बार पेटवली मी चूल. न्हाई जमलं. दोन वरस नळ गार पडून होते. रोज जाऊन हात लावायचो, गारच. आता तुमच्याकडं बघा. सकाळी आठला तापतेत, दुपारपातुर हात लावू देत न्हाईत. चाळीस माणूस जेवून उठतंय. तिला असंच लागायचं. घरात मानसं जेवाया."

डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि खाता खाता, दुसरीकडं बघत, म्हणाले, "बाई, एक सांगायचं ऱ्हायलं. आठ नळ म्या घासून पुसून आनलेत. वरला घासला न्हाई. घासाया बसलतो, पन त्यातली काजळी तिच्या सैपाकाची हाय. हातच उचलला न्हाई." मग घाईघाईनं, "तसा धोका काई न्हाई. लई वर हाय तो. तुमी आपलं साफ करतानी जरा..."

"बरं मामू," मी म्हणलं.

घरी आले. काजळी काढायला मी एक लांब बांबू ठेवलाय, टोकाला केरसुणी बांधलेला. चुलीतून वर घातला की थेट आभाळ दिसेपर्यंत जातो. तो भिंतीला उभा केला, केरसुणी पुन्हा बांधायला सोडून घेतली, खालून एकेक नळाचं माप मोजत वर गेले आणि आठव्याच्या खुणेवर कोयत्यानं तोडून टाकला.