उत्तर आळीची न सुटणारी पकड

स्नायूला आयुष्यात एकच काम येते, ते म्हणजे ओढणे. माणूस गाडा ढकलतो तेव्हाही आत कुठला तरी स्नायू ओढतच असतो. उत्तर आळीचे अध्यक्ष तातेइशी-सान यांनाही सगळे आपल्याकडे ओढण्यापलीकडे काही येत नसे. त्यामुळे क्रीडादिनाच्या रस्सीखेचीचा संघ त्यांच्याकडे असणे योग्यच होते. दक्षिण आळीकडून यंदाही हरलो तर खुर्ची सोडीन, असे ते साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भरात सर्वांदेखत बोलून बसले होते. (उतरल्यावर शब्द मागे घेण्याची सोय आळीच्या नियमांत नव्हती.)

त्यांनी धोरण आखले: एकदा धरले की सोडायचे नाही.

संघात उगाकी बाई होत्या. त्यांनी अर्ध्या आळीला जीवशास्त्र शिकवले होते.

"तातेइशी, वर्गात तू खिडकीबाहेरच बघायचास," बाई म्हणाल्या. "स्नायूत बारीक तंतू असतात रे. एक तंतू दुसऱ्याला धरतो, ओढतो, सोडतो, जरा पुढे पुन्हा धरतो. आणि सोडायलाच शक्तीची नवी पुडी लागते. अन्न आणि श्वासातून ती तयार होते. पुड्या संपल्या की पकड सुटत नाही. प्रेत ताठ का होतं, सांग?"

"बाई, शुभ कामाआधी प्रेत कशाला काढता?"

क्रीडादिन उजाडला. प्रथेप्रमाणे आधी नगराध्यक्षांचे भाषण. आदर आणि एकजूट दिसावी म्हणून तातेइशी-सानांनी भाषणभर आपल्या बाजूचा दोर आपसांतच ताणून धरायला लावला. दक्षिण आळीने आपले टोक जमिनीवर ठेवून भाताचे गोळे खाल्ले. भाषणाचा विषय चिकाटी होता, त्यामुळे ते लवकर संपणे शोभले नसते. उत्तर आळीत कोणी तसूभर हलले नाही. बघणाऱ्याला वाटावे, यात काय खर्च होतोय! आत पुड्यांचा फडशा पडत होता.

शिट्टी झाली. ओल्या मातीतून मुळे उपटावेत तशी उत्तर आळी निघून आली.

संध्याकाळच्या सभेत तातेइशी-सान खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले. "एकदा धरलं की सोडायचं नाही, हे आपलं सर्वांचंच धोरण. मी राहू नये असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत."

कोणाचाही हात खांद्यापर्यंत गेला नाही. त्यांनीच राहावे हा ठराव एकमताने संमत झाला.

"जिवंतपणीच ताठ झाला हा," बाई पुटपुटल्या. त्यांचाही दंड भरून आला होता.

वाचकांना या आळीचे हसू येणे स्वाभाविक आहे. फक्त आपल्या सोसायटीच्या मागच्या सभेत आपला हात खालीच कसा राहिला, ते आठवून पाहावे. आपण तर दोरही ओढला नव्हता.