साळूचा काटा आणि घुबड डॉक्टरांची व्हिजिट

एका जंगलात, पाणवठ्याच्या अलीकडे, एक दवाखाना होता. चांगला चालायचा हं! फाटकावर पाटी डॉक्टर घुबडांची आणि आत सगळं काम शिंपिणीचं. एवढंसं पाखरू ते, पण चोच अशी की सुईने लाजावं.

एके दिवशी साळू साळिंदरीण लंगडत आली. पायात काटा. होय बाळांनो, अंगभर स्वतःचे काटे आणि रडत होती परक्या काट्यापायी. हसू नका. दुखतं ते दुखतंच.

शिंपिणीने सकाळभर बसून पाय शेकला, पू काढला, काटा ओढला, पाला बांधला.

"झालं गं बाई! जा आता घरी."

साळूचा जीव भांड्यात पडला. बिळात चार दिवसांची दोन पिल्लं उपाशी होती.

ती उठली, तोच बिलवाला कोल्हा आडवा आला. "कुठे निघालात? डॉक्टरांची व्हिजिट व्हायचीय."

"अहो, पण काटा निघाला ना!"

"तो शिंपीणताईंनी काढला. त्यांच्या व्हिजिटचे राजाच्या तिजोरीतून पंच्याऐंशी कंद मिळतात, डॉक्टरांच्या व्हिजिटचे शंभर. दोघांनी तपासलं तर जो जास्त वेळ बसला, त्याच्या नावावर व्हिजिट. ताईंना सकाळभर लागली. आता डॉक्टर दिवस मावळेपर्यंत बसतील."

"आणि माझी पिल्लं?"

"त्यांचा रकाना नाही हो बिलात."

डॉक्टरांना पंखाला धरून आणलं. भर दुपारी त्यांना काही दिसेना. खाटेशी बसले, "हं" म्हणाले आणि घोरू लागले. कोल्ह्याने वेळ लिहून घेतली.

शिंपीण साळूच्या कानाशी आली. "तुझे चार गळलेले काटे ठेव चादरीखाली, म्हणजे तूच आहेस असं वाटेल, आणि पळ!"

साळू दाराशी पोचली, तर पुढ्यात कोल्हा. तिने डोळेच मिटले.

"जा हो," कोल्हा कुजबुजला. "पेशंट हलला तरी चालतं. डॉक्टर हलता कामा नयेत. पाय वाजवू नका तेवढे."

साळू धावतच बिळात शिरली. पिल्लं लुचू लागली तेव्हा कुठे तिला पाय दुखल्याचं आठवलं.

इकडे दिवस मावळला. डॉक्टर जागे झाले. डोळे न उघडताच रिकाम्या खाटेवर त्यांनी पंख फिरवला आणि एकदम ओरडले, "अरे, काटा आहे की अजून! एक नाही, चार!"

कोल्ह्याने शंभर कंदांचं बिल केलं. उद्याच्या व्हिजिटचं पान काढलं. आणि काटा नीट काढला नाही, म्हणून शिंपिणीला मेमो दिला.

तात्पर्य : पेशंट बरा होऊन घरी गेला, म्हणून चांगल्या दवाखान्याने उपचार सोडू नयेत.