शुक्रवारची गाडी

शुक्रवार, २९ मार्च १९९६. आजचं काम: आठवड्याची फाइल मुंबईच्या सर्व्हरपर्यंत का पोहोचत नाही, ते शोधून काढणं.

फाइल पाठवायचं काम आमच्या घरतांचं. ते कळ दाबतात, मग कॉम्प्युटरच्या बाजूवर दोनदा थाप मारतात आणि म्हणतात, "जाऊं दे!" तळोज्याच्या रंगाच्या कारखान्याच्या गेटवर त्यांनी वर्षानुवर्षं ट्रक सोडले. पनवेलच्या ऑफिसात बदली झाली, समोर कॉम्प्युटर आला, तरी हात तोच राहिला. फाइल निघाली की "गाडी वाटेत हाय". पोहोचली की "खाली झाली". तुटली की "वाशीच्या पुलावर अडकली". एकदा मुंबईच्या साहेबांनीच विचारलं, फाइल का आली नाही. घरत शांतपणे म्हणाले, "पंक्चर, सायब."

साहेबांनी मला फोनवर बोलावलं. "बाई, हा माणूस शुद्धीवर असतो ना?"

असतो. गव्हाणहून येऊन सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडतो. फक्त त्याच्या जगात सगळ्याला चाकं आहेत.

रोजच्या लहान फाइली बिनतक्रार जात. शुक्रवारची मोठी मात्र गेले कित्येक आठवडे अर्ध्यात तुटत होती. साहेबांनी आता निर्वाणीचं कळवलं होतं: आज पाचपर्यंत आली नाही, तर हे काम मुंबईला आणि घरत परत गेटवर. घरतांचे गुडघे गेटच्या लायकीचे राहिले नव्हते.

"काळजी नको, म्याडम," घरत म्हणाले. "आज पोचंल."

"मागच्या शुक्रवारीही हेच म्हणालात."

"तवा लोड जास्त होता."

दुपारी मी स्वतः बसले. मोडेमची वायर बदलली. पासवर्ड तपासला. सर्व्हरवर जागा आहे का, ते मुंबईला विचारलं, होती. फाइल पाठवली, अर्ध्यात तुटली. मग फाइलचेच दोन तुकडे केले. पहिला तुकडाही तुटला. म्हणजे दोष लोडचा नव्हता. मी मागे वळून "घरत" म्हणाले, तर घरत जागेवर नव्हते.

ते स्टोअरमध्ये सापडले. रंगाच्या डब्यांमध्ये उभे, कानाला फोन लावून. ऑफिसला लाइन एकच. मोडेम तिच्यावर आणि हा फोनही तिच्यावरच.

"घरत, हा उचलला की फाइल तुटते."

"मी बोलत नाय, म्याडम. तोंड उघडत नाय. कान लावून बघतो फक्त."

"काय बघता?"

"लायन सुटली का."

मग हळूहळू सांगितलं. मुलगा मस्कतला. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून फोन करायचा तर शुक्रवारीच दुपारी, साडेतीन ते साडेचारच्या मध्ये. गव्हाणच्या घरी फोन नाही, म्हणून त्याच्याकडे नंबर हाच.

"बिझी लागला तर परत लावेल की," मी म्हणाले.

"तिकडं बूथवर रांग असते. एकदा बिझी लागला की मागचा धक्का मारतो. मंग पोरगा काय समजंल? बापाला येळ नाय?"

"शेवटचा कधी आला होता?"

"गणपतीत."

मी घड्याळ पाहिलं. मुलाची वेळ साडेतीन ते साडेचार, साहेबांची पाच. मोडेमची वायर काढून ठेवली आणि म्हणाले, "बसा. साडेचारपर्यंत लाइन तुमची."

घरत बसले नाहीत, उभेच राहिले. मी बाहेर व्हाउचर तपासत होते, पण कान आत. फोन एकदा वाजला. घरतांनी तो एवढ्या घाईने उचलला की एक डबा पडला. कोणीतरी थिनरचा भाव विचारत होतं. घरतांनी तो नीट सांगितला.

साडेचारला ते स्वतःहून बाहेर आले. "बिझी असंल पोरगा. लावा, म्याडम."

फाइल एका दमात गेली. मुंबईहून पोच आली, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी थाप मारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईला फोन केला. सांगितलं, आठवड्याची फाइल यापुढे गुरुवारी येईल. साहेबांनी कारण विचारलं.

"शुक्रवारी दुपारी आम्हाला लाइन मोकळी ठेवावी लागते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.