पाचोळेबुवांचा दुसरा नंबर

यंदाचा हॅलोविन निवांत साजरा करायचा, असं मी सप्टेंबरातच जाहीर करून टाकलं. जाहीर म्हणजे लॉर्नाला सांगितलं. (आमच्या घरात याहून मोठी सभा भरत नाही.)

"निवांत म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे शिडी नाही, छपरावर सांगाडा नाही, झाडाला कोळिष्टकं नाहीत. एक भोपळा, सोंगं घेऊन दारावर येणाऱ्या मुलांसाठी एक वाडगाभर चॉकलेटं आणि आत गरम सूप. संपलं."

"आणि पाचोळेबुवा?"

पाचोळेबुवा हे आमच्या गल्लीचं दैवत. जुना कोट आणि जुनी पँट घ्यायची, आत मेपलचा पाचोळा ठासून भरायचा, वर हॅट ठेवायची आणि हा गृहस्थ पोर्चमधल्या खुर्चीत बसवायचा. घरोघरी एकेक. ज्याचा बुवा सगळ्यांत जिवंत वाटेल त्याला गल्लीची कमिटी फीत लावते. आमचा बुवा दरवर्षी खुर्चीतून घसरतो आणि लग्नाच्या पार्टीत जास्त झालेल्या मामासारखा दिसतो.

"बुवाही नाही," मी म्हणालो. "पाचोळा गोळा करायला माझी कंबर वाकत नाही."

लॉर्ना खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघू लागली. ती जन्मभर बालवाडीत शिकवत आली. मुलांचा कलकलाट कानावर पडला नाही तर तिला जेवण जात नाही. त्यात वसंतात तिचा गुडघा बदललेला, त्यामुळे शेजारीपाजारी जाणंही बंद. आणि आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, दिवा नसलेल्या कोपऱ्यात. मुलं शेजारच्या डेल्बर्ट क्रीगच्या घरापर्यंत येतात आणि तिथूनच मागे फिरतात. गेल्या वर्षी आमच्याकडे चौघं आली. त्यातला एक पत्ता चुकलेला पिझ्झावाला होता.

"मुलं येतील ना रे?" ती एवढंच म्हणाली.

"येतील, येतील. न यायला काय झालं?"

(मी आयुष्यभर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं. खोटं बोलावं की नाही यावर माझं एक जाडजूड पुस्तक आहे. ते वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि ते लिहिलेल्या माणसालाही उत्तर सापडलेलं नाही.)

हॅलोविनच्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणे लॉर्ना खिडकीजवळ सोफ्यावर बसली, गुडघा स्टुलावर. मुलांचे आवाज ऐकू यावेत म्हणून तिनं खिडकी थोडी उघडी ठेवली. मी वाडगा घेऊन बाहेर पोर्चमध्ये आलो आणि थंडीनं कुडकुडलो. माझा कोट होता वरच्या मजल्यावर. जिना चढणं हे निवांत धोरणात बसत नव्हतं. दाराशी टोपलीत मात्र बुवाचे गेल्या वर्षीचे कपडे पडले होते. मी त्याचा कोट चढवला, त्याची हॅट डोळ्यांपर्यंत ओढली आणि त्याचा मफलर नाकाखालपर्यंत गुंडाळला. बाह्यांमध्ये गेल्या वर्षीचा पाचोळा तसाच होता. हात हलवला की कुरकुरायचा आणि मनगटाशी डोकावायचा. म्हटलं, असू दे, कोण बघतंय?

मग खुर्चीत मागे रेललो. भोपळ्यात मेणबत्ती तेवत होती, कुठूनशी धुराची खमंग झुळूक येत होती, मांडीवर घोंगडी. निवृत्त झाल्यापासून इतकं स्वस्थ मला कधी वाटलं नव्हतं. डोळे आपोआप मिटू लागले.

तेवढ्यात फाटक वाजलं. डेल्बर्टच्या पलीकडे राहणारी ग्रेचेन, तिचा सांगाडा झालेला मुलगा आणि मधमाशी झालेली धाकटी टिली.

"दादा, हा खरा आहे का?" टिलीनं लांबूनच विचारलं.

"छे! हात बघ ना, पाचोळा बाहेर आलाय."

मी "या, या" म्हणायला तोंड उघडणारच होतो, इतक्यात मनात आलं: आत्ता बोललो तर ही चिमुरडी घाबरून बेशुद्ध पडेल. आणि नाही बोललो तर ही फसवणूक. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का? (प्रकरण सहावे.) मी दोन्ही बाजूंचा विचार करू लागलो. मला प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून मी कुठल्याच बाजूला पोचत नाही. विचार संपेपर्यंत सांगाड्यानं माझं नाक दाबून पाहिलं होतं.

"ई! गार आहे! एकदम भारी रबर!"

ग्रेचेन खिडकीशी गेली. "लॉर्ना, बुवा झकास झालाय हं! चेहरा मात्र जरा जास्तच भयंकर केलायस."

"मी काही केलं नाही गं," आतून लॉर्ना म्हणाली. "मला तसाच मिळाला."

सांगाडा धावत गल्लीत गेला आणि ओरडला, "चला रे! टोकाच्या घरात जबरदस्त बुवा आहे! नाक दाबता येतं!"

ग्रेचेनही टिलीला घेऊन त्याच्या मागोमाग गेली, तशी खिडकीतून कुजबुज आली. "आल्डन, हलू नकोस हं! अख्खी गल्ली इकडे येतेय!"

तिच्या आवाजात असं काही होतं की प्रकरण सहावे मी तिथेच मिटलं.

मग जी रीघ लागली! भुतं आली, चेटकिणी आल्या, एक तर चालता फ्रिज आला. प्रत्येकानं नाक दाबलं. आणि प्रत्येकाला लॉर्ना खिडकीतून विचारत होती, "तू कोण रे? वाघ? मग गुरगुर बघू! असं नाही, पोटातून!" वाघ गुरगुरला, फ्रिजनं दार उघडून दाखवलं, आणि लॉर्नाचं हसू पोर्चभर सांडलं. तिला असं हसताना ऐकून मला गहिवरून आलं. त्यामुळे नाक वाहू लागलं आणि पुसता येईना.

एका समुद्री चाच्यानं वाडग्यात दोन्ही हात घातले.

"अरे, एकच घ्यायचं असतं," त्याचा मित्र म्हणाला.

"घे की लेका! हा काय बोलणार आहे?"

माझ्या घशाशी एक पूर्ण व्याख्यान आलं. मी ते गिळलं. (माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगूनही पटणार नाही.)

गर्दी ओसरली तशी टिली परत आली, एकटीच. आपल्या पिशवीतली एक टॉफी तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"तुला कुणीच काही देत नाही," ती म्हणाली. मग आपला दात कसा हलतो आणि दादा कसा चिडवतो, हे सगळं तिनं मला सांगितलं. जाताना म्हणाली, "तू छान आहेस. नुसता ऐकतोस."

शेवटी कमिटीच्या मिसेस प्रुइट टॉर्च घेऊन आल्या. त्यांनी मला खालून वर पाहिलं, कोटाचं बटण ओढलं, पोटात बोट खुपसलं.

"पाय छान ढिले सोडलेत," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पोटात पाचोळा जरा जास्त झालाय. दुसरा नंबर."

"दुसरा?" लॉर्ना म्हणाली. "पहिला कुणाचा?"

"डेल्बर्टचा. त्याचा कसा, आत्ता उठून बोलेल असा वाटतो. हा जरा... गेल्यासारखा वाटतो."

मुलं गेली होती. आता मात्र मला राहवेना. "एक मिनिट, मिसेस प्रुइट."

टॉर्च खाली पडला. तो त्यांनी उचलला, माझ्या तोंडावर रोखला आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "प्रोफेसर! तुम्ही होय!"

"मीच. मी खरा आहे. आता तरी निकालाचा फेरविचार..."

"खरं असून भागत नाही, प्रोफेसर. तसं वाटायला हवं." आणि माझ्या कोटावर दुसऱ्या नंबरची फीत टाचून त्या निघून गेल्या.

आत सूप गरम होतं. लॉर्नानं माझ्या केसांतली पानं काढली, माझ्या टॉफीतली अर्धी खाल्ली, आणि फ्रिजनं दार कसं उघडलं ते मला नक्कल करून दाखवलं. मीही ते पाहिलं होतं, पण पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करून, स्वतःचं स्वेटर घालून त्याच खुर्चीत बसलो. समोरून टिली आईचा हात धरून चालली होती. म्हटलं, आता आपली ओळख झालीय.

"काय टिलीबाई, दात पडला का?"

ती आईच्या मागे लपली. मला वरपासून खालपर्यंत निरखून खिडकीतल्या लॉर्नाला तिनं विचारलं, "आजी, कालचा चांगला आजोबा कुठे ठेवलात?"

"टोपलीत आहे गं," लॉर्ना म्हणाली. "पुढच्या वर्षी काढू."

"बरं," टिली म्हणाली. "तोवर हा बसू दे."