कुंडलिकचं पाच मिनिटांचं भाषण

"टेन्शन? ते काय असतं?" कुंडलिक कांबळे दिवसातून चारदा तरी असं म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं! साकीनाक्याला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तो बावीस वर्षं सुपरवायझर होता. एकदा मशीनमधून धूर निघाला, सगळे बाहेर पळाले. या पठ्ठ्याने आधी हातातला वडापाव संपवला, मग मेन स्विच बंद केला.

म्हणूनच सोमवारी मालकांनी त्याला बोलावलं. "कुंडलिकराव, शुक्रवारी ताणतणावावर बोलायला डॉक्टर चेतना येणारेत. त्यांच्याआधी आपल्यातर्फे तुम्ही पाच मिनिटं बोला. सगळ्यांसमोर."

"झालं समजा!" कुंडलिक म्हणाला. त्यातलं 'सगळ्यांसमोर' पोटात उतरायला दुपार झाली. उतरलं ते तिथेच अडकून बसलं.

मंगळवारी त्याने फोनवर शोधून कागदावर ताणाची लक्षणं उतरवली. भूक मरते. चिडचिड होते. पाय सारखा हलतो. लिहिताना टेबल का हलतंय म्हणून वाकून पाहिलं, तर खाली त्याचाच पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा चालू!

बुधवारी डबा तसाच घरी परत गेला. कारखान्यात पांढऱ्या झाकणांच्या जागी हिरवी सुटली. दोन पोती भरल्यावर मशीनवरच्या प्रीतमने विचारलं, "साहेब, दुधाच्या बाटलीला हिरवं?"

"तू झाकण बघून दूध पितोस काय रे!" कुंडलिक खेकसला. आठ वर्षांत प्रीतमने हा आवाज ऐकला नव्हता. बिचारा दिवसभर मशीनच्या पलीकडूनच बोलला.

गुरुवारी घाटकोपरच्या घरी शर्ट धुवायला टाकताना कुंडलिकच्या बायकोला, राधाला, खिशात तो कागद सापडला. नवऱ्याच्या अक्षरात नवऱ्याचीच लक्षणं! ती मटकन खुर्चीत बसली.

"अहो, एवढं सगळं होतंय आणि मला सांगितलंही नाहीत?"

"ते भाषण आहे गं!"

"भाषणात भूक मरते का? कालचा डबा तसाच आला! चला डॉक्टरकडे."

"मला कसलंही टेन्शन नाहीये!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या माधुरीताई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

"काय झालं?"

"काही नाही. यांना टेन्शन नाहीये," राधा म्हणाली आणि आत निघून गेली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. माफी मागायला दोनदा आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला, दोनदा उगाच फ्रीज उघडून परत आला.

शुक्रवारी समोर साठ माणसं. पहिल्या रांगेत मालक, शेजारी डॉक्टर चेतना. कुंडलिकने चष्मा लावला आणि अक्षरं विरघळली. घाईत राधाचा चष्मा उचलला होता! कागद लांब धरला, जवळ धरला, उलटासुद्धा धरला. मागे कोणीतरी खोकलं. शेवटी त्याने कागदाची घडी केली.

"खरं सांगतो. चार दिवस माझी वाट लागलीये, या पाच मिनिटांपायी! घास उतरत नाही. हिरवी झाकणं मीच सोडली आणि ओरडलो प्रीतमवर. काल बायकोवर ओरडलो, तिची काही चूक नसताना. बावीस वर्षं विचारत आलो, टेन्शन काय असतं. हे असतं, भावांनो!"

एकच हशा उसळला. तो ओसरला तसा प्रीतम उभा राहिला. "साहेब, माझी पण फार चिडचिड होते. मुलगी दहावीला आहे ना." मग मागून आणखी एक हात वर आला. मग आणखी दोन.

"आता मी काय बोलू?" डॉक्टर चेतना हसल्या.

कुंडलिकने जिन्यातूनच राधाला फोन लावला. "चुकलो गं."

पलीकडून राधाने विचारलं, "जेवलात का?"

"आता जेवतो."

पण जेवू कोण देतंय! डबा उघडला तर टेबलापुढे रांग. "साहेब, जरा बोलायचं होतं..." आठवडाभरात शेजारच्या गाळ्यांतले लोकही येऊ लागले. शेवटी कुंडलिक डबा घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे लपून जेवायला लागला.

परवा तिथे आधीच कोणीतरी बसलेलं होतं. मालक!

"बरं झालं कुंडलिकराव, एकटेच आलात," ते सरकून जागा करत म्हणाले. "मला पण जरा बोलायचं होतं."