सतराव्या पानावरचा त्रिकोण

वाचनाने माणूस घडतो, याबद्दल दुमत नाही. मात्र वाचन संपल्यावर त्या घडलेल्या माणसाचं घरच्यांनी काय करायचं, याविषयी कोणत्याही ग्रंथात मार्गदर्शन आढळत नाही.

सूनबाईपुढे हा प्रश्न एका मंगळवारी उभा राहिला. त्या दिवशी तिचे सासरे, म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक, वाचनालयातून रिकाम्या हाताने परत आले.

"संपल्या," ते खुर्चीत बसत म्हणाले. "दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. समितीने दोन वर्षांत एक नवा काऊबॉय आणलेला नाही!"

सदर कादंबऱ्यांची थोरवी आकड्यांवरूनच कळते. दोनशे चौदापैकी दोनशे नऊ कादंबऱ्यांत एक अबोल, अनोळखी घोडेस्वार गावात येतो (उरलेल्या पाचांची पहिली पानं गहाळ आहेत). एकशे अठ्ठ्याण्णव वेळा दारूच्या गुत्त्यातलं टेबल मोडतं. ते दुरुस्त कोण करतं, याचा कुठेही उल्लेख नाही. आंघोळी एकूण दोन. घोडा दमल्याची नोंद निरंक. शेवटी स्वार गाव सुधारून मावळतीकडे निघून जातो, आणि गाव पुढच्या पुस्तकापर्यंत पुन्हा बिघडून तयार असतं.

अशा साहित्यात एकच अडचण. हे आपण वाचलंय की नाही, ते वाचूनही कळत नाही. त्यासाठी वाचनालयात जुनी पद्धत आहे: वाचकाने सतराव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपली खूण करायची. कंपाउंडर फुली मारतो, एक मास्तर 'बरोबर'ची खूण करतात (गोष्ट चुकीची असली तरी), आणि कोणीतरी मासा काढतं. ते कोण, हे अद्याप उघडकीस आलेलं नाही. सासऱ्यांची खूण त्रिकोण. त्रिकोण दिसला की पुस्तक परत कपाटात. मजकुरावर विसंबायचं नाही, हा त्यांचा खात्यातला खाक्या.

आता पुस्तकं संपल्यावर खातं घरात आलं. पहिल्या दिवशी त्यांनी डब्यांचं वजन केलं, दुसऱ्या दिवशी दारांच्या चौकटी मोजल्या. चौथ्या दिवशी ते पुढच्या खोलीत आले, जिथे सूनबाईचा मुलांसाठीचा चित्रकलेचा वर्ग भरतो. एका मुलीच्या सफरचंदाला त्यांनी पट्टी लावली.

"डावी बाजू चार मिलिमीटर जास्त. हे सफरचंद प्रमाणित नाही."

मुलगी रडत घरी गेली. पुढच्या चार दिवसांत बारापैकी पाच मुलं यायची बंद झाली. सहा वर्षं जिवापाड जपलेला वर्ग! नवरा म्हणाला, "बाबा आहेत, चालायचंच," आणि कामावर निघून गेला. तिला आधी रडू आलं, मग तिचं डोकं फिरलं. नवव्या दिवशी ती खोडरबर घेऊन वाचनालयात दाखल झाली.

"अहो ताई, असा नोंदीत फेरफार करता येत नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"बरं. मग उद्यापासून बाबांना तुमच्याकडेच पाठवते. दिवसभर. कपाटं मोजून देतील."

ग्रंथपालांनी मुकाट्याने शिडी आणून दिली.

दुसऱ्याच पुस्तकात तिला त्रिकोणाखाली आणखी एक पुसट त्रिकोण दिसला. त्याखाली तिसरा.

"हे काय?"

"तुमच्या सासूबाई," ग्रंथपाल म्हणाले. "दर वर्षी यायच्या. पावाच्या मऊ तुकड्याने खोडायच्या, अगदी छान निघायचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली ना? समितीचं म्हणाल, तर तिने अकरा वर्षांत एक पुस्तक घेतलेलं नाही."

सूनबाई शिडीवर बसूनच राहिली. सासूबाईंशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. आत्ता मात्र त्या हव्या होत्या, असं तिला फार वाटलं. मग तिने बाह्या सारल्या आणि खोडायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सासरे पुस्तक फडकावतच घरात शिरले. "आली! समितीला जाग आली एकदाची!" त्यांनी चष्मा पुसून, तीस वर्षांच्या नोकरीतल्या कसलेल्या नजरेने सतराव्या पानाचा कोपरा तपासला. कोरा. ते वाचायला बसले, आणि पुढच्या खोलीत सफरचंदं पुन्हा बिनधास्त वाकडी निघू लागली.

जेवताना ते भारावून म्हणाले, "सूनबाई, हा लेखक वेगळाच आहे हो! गावात एक अनोळखी माणूस येतो. पुढे काय करेल, काही सांगता येत नाही!"

"हो का, बाबा?" ती वाढता वाढता म्हणाली.

या ठिकाणी वाचकांना हसण्याची मुभा आहे. हसून झाल्यावर कृपया आपल्या बोटाकडे पाहावं. दर काही वर्षांनी आपल्याही गावात एक स्वार येतो (हल्ली उघड्या जीपमधून), गाव सुधारून देतो म्हणतो, आणि आपण रांगेत उभं राहून बोटावर शाईची खूण करून घेतो. मागच्या वेळची खूण दिसते का? नाही ना? मग यंदाचा माणूस वेगळाच आहे हो. पुढे काय करेल, काही सांगता येत नाही.